शंभरातून सात

डॉक्टरचं आयुष्य अकरा पावलं मागे चालण्यात गेलं. हा हिशेब त्याचा नव्हे, नियमपुस्तकातला. देशाच्या प्रमुखाच्या मागे अकरा पावलांवर लष्कराचा एक डॉक्टर असावा, असं तिथं लिहिलेलं होतं. दहा चालणार नाहीत, कारण मग तो फोटोत येतो. बारा चालणार नाहीत, कारण बंद पडलेलं हृदय बाराव्या पावलाची वाट बघत थांबत नाही. अठरा वर्षं तो ही अकरा पावलं राखून होता. हातात काळी बॅग, बॅगेत डावीकडे हृदयाची औषधं, उजवीकडे श्वासाची, आणि मागच्या गाडीत साहेबांच्या रक्तगटाच्या दोन पिशव्या बर्फात.

साहेबांबरोबर त्यानं निम्मं जग पाहिलं, असं लोक म्हणायचे. खरं तर त्यानं निम्म्या जगातल्या हॉस्पिटलांचे मागचे दरवाजे पाहिले. कोणत्याही शहरात उतरलं की त्याचं पहिलं काम तेच असे. एखादं शहर कसं आहे असं कुणी कौतुकानं विचारलंच, तर तो जरा आठवून सांगायचा, "लिफ्ट अरुंद आहे. स्ट्रेचर तिरकं धरावं लागतं."

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. तिच्याकडे एक वही होती. पेपरात साहेबांचा फोटो आला की ती कात्री घेऊन बसायची आणि फोटोच्या कडेला आलेला नवऱ्याचा तुकडा कापून वहीत चिकटवायची. कधी कोपर, कधी बॅगेचा कोपरा, कधी एक बूट. अठरा वर्षांत अख्खा नवरा एकदाही छापून आला नव्हता. "सगळे तुकडे जोडले तर एक कर्नल होईल," ती म्हणायची, "पण डोकं मिळत नाहीये." वहीवर तिनं नाव घातलं होतं, कोपरांची वही. डॉक्टर हसायचा. आपल्या नोकरीवर इतकं चांगलं पुस्तक दुसरं कुणी लिहिलं नसतं, हे त्यालाही पटलेलं होतं.

साहेबांचा मुक्काम तळ्याकाठच्या मोठ्या घरात होता. सकाळी तळ्यावरून धुकं उठून खिडक्यांपर्यंत यायचं आणि घर पाण्यावर ठेवल्यासारखं वाटायचं. गालिचे इतके जाड की माणसानं आपण चालतोय की नाही हे विसरावं. त्या घरात डॉक्टर कधी पुरता झोपला नाही आणि खरं सांगायचं तर कधी पुरता जागाही नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या तो डुलकी काढायचा, आणि त्या डुलकीतसुद्धा तो साहेबांच्या मागे चालतच असायचा.

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तपासणी. नाडी, रक्तदाब, छाती. मग गप्पांच्या ओघात दोन प्रश्न. "साहेब, आज वार कोणता?" आणि, "शंभरातून सात सात वजा करत चला बघू." साहेब वार सांगायचे आणि मग खिडकीकडे बघत म्हणायचे, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." पासष्टला डॉक्टर हात वर करायचा. पुरे. मेंदू ठणठणीत. वहीत लिहायचं, प्रकृती उत्तम.

ही दोघांची गाठ कशी पडली तेही सांगायला हवं. डॉक्टर तेव्हा नुसता कॅप्टन होता, उंच बर्फाळ चौकीवर. साहेब तेव्हा मंत्री होते. ते चौकीवर भाषणाला आले आणि तासाभरात त्यांचे ओठ निळे पडले. विरळ हवेनं फुप्फुसात पाणी भरू लागलं होतं. खाली कॅमेरे होते, वर झेंडा होता, सगळे अधिकारी मान खाली घालून उभे. राजा बोले, दल हाले. कॅप्टन तेवढा हलला नाही. "उतरायचं," तो म्हणाला. "आत्ता. आणि चालत नाही, पाठीवर."

"माझं भाषण आहे," मंत्री म्हणाले.

"भाषण थांबेल. फुप्फुसं थांबणार नाहीत."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मंत्र्यांना एका हमालाच्या पाठीवर बांधून सामानासारखं खाली उतरवलं. कॅप्टनला वाटलं, आता आपली बदली कुठल्यातरी वाळवंटात. तीन महिन्यांनी साहेब देशाचे प्रमुख झाले आणि हुकूम आला तो तळ्याकाठच्या घराचा.

आता मूळ गोष्ट. साहेबांची मुदत संपत आली होती आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं होतं. नव्या शपथेला दहा दिवस उरले होते. शपथेच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत प्रकृतिपत्र, म्हणजे साहेब काम करायला सक्षम आहेत की नाहीत हे सांगणारा कागद, जायला हवं होतं. या पत्रावर दोन सह्या लागायच्या, एक डॉक्टरची आणि एक ज्याला तपासलं त्याची. कुणा डॉक्टरनं पाठीमागे कागद रंगवून प्रमुखाला घरी बसवू नये म्हणून कुण्या जुन्या शहाण्यानं हा नियम केला होता. चारदा दोघांनी अशा पत्रावर सह्या केल्या होत्या, चहा पिता पिता.

त्या गुरुवारी साहेबांचा जुना सेवक दाढ काढायला गेला होता. हा माणूस मिनिटाला मिनिट धरून चालायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे वेळापत्रक म्हणत आणि तोंडावर दादा. त्या सकाळी डॉक्टरनं विचारलं, "साहेब, आज वार कोणता?"

साहेबांनी खिडकीतल्या फुलदाणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बुधवार."

चुकतो माणूस. डॉक्टरही कितीदा चुकायचा. पण साहेबांची नजर फुलदाणीकडे का गेली, हे त्याच्या मनातून जाईना. तीन पांढरी फुलं होती, कालचीच, किंचित मलूल. मग त्याला एकदम आठवलं, परवा दोन होती. रविवारी त्याला वाटलं होतं, आज बरीच फुलं दिसताहेत. सोमवारी एक, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. साहेब फुलं मोजून वार सांगत होते, आणि आज फुलं बदलायला दादा नव्हता.

दुपारी जेवायला तो घरी गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. "पण गणित बरोबर आलं," तो म्हणाला. "शंभरातून सात. एकही आकडा चुकला नाही."

बायकोनं ताटातला हात थांबवला. "किती वर्षं हेच विचारताय?"

"अठरा."

"अहो, एकच गणित रोज घातलं तर ते गणित राहत नाही. पाठांतर होतं. वर्गातलं सगळ्यात ढ पोरगंसुद्धा म्हणून दाखवेल."

 दिव्याखालीच अंधार म्हणतात तो हा. तो साहेबांची परीक्षा घेत नव्हता, रोज त्यांना उत्तरं घोकून देत होता.

संध्याकाळी रक्तदाब बघताना तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "साहेब, आज एकशे तीनपासून सुरू करू. सात वजा."

साहेबांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर ऊन लांब पसरलं होतं. "त्र्याण्णव," ते शांतपणे म्हणाले, "शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." आणि डॉक्टरच्या हाताकडे बघत राहिले, तो वर होण्याची वाट बघत.

डॉक्टरनं हात वर केला. दुसरं काय करणार? जिन्यात येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. अठरा वर्षं या माणसाच्या छातीला त्यानं कान लावला होता, आणि डोक्यातलं घर रिकामं होत होतं ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

शुक्रवारी दादा सुजलेला गाल घेऊन हजर झाला. हातात पाच फुलं होती. चोराच्या मनात चांदणं. डॉक्टरनं काही विचारायच्या आतच तो बोलू लागला.

"मोठ्या साहेबांनी सांगितलं नव्हतं, डॉक्टरसाहेब. मीच आपणहून केलं. दीड वर्ष झालं. एके दिवशी मला विचारलं, आज वार कोणता रे. मी सांगितला. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. म्हटलं, फुलं ठेवू. विचारावं तरी लागणार नाही."

"मला का नाही सांगितलंस, दादा?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं," दादा म्हणाला. "तुम्ही लिहिता."

डॉक्टरनं बॅग उचलली. तो आत गेला. त्याचा एक नियम होता: जे कागदावर लिहायचं ते आधी रोग्याला सांगायचं. त्यानं खुर्ची ओढली आणि सांगितलं. फार वाईट सांगितलं. मोठमोठे वैद्यकीय शब्द वापरले, मेंदूची चित्रं काढली, टक्केवारी दिली. साहेब ऐकत होते. मग उभे राहिले. त्यांचा आवाज अजून तसाच होता, मैदानं भरणारा.

"डॉक्टर, तुला मी काढून टाकलंय. या क्षणापासून."

डॉक्टर घरी येऊन बॅग आवरू लागला. दुपारी सचिवांचा फोन आला. सचिव म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा माणूस, आणि हल्ली साहेब ते न वाचताच सही करत, हे डॉक्टरनं पाहिलं होतं. सकाळचं त्यांच्या कानावर गेलं होतं, तरी सचिव गोड बोलले. "डॉक्टर, तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली. प्रकृतिपत्र टाइप करून ठेवलंय, सक्षम म्हणून. सही करा, पेन्शन घ्या, नातवंडं खेळवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर दुसरे डॉक्टर येतील. ते करतील."

म्हणजे चित्र स्पष्ट होतं. आपण आता सक्षम नाही अशा पत्रावर साहेबांनी स्वतः सही केली नाही तर त्यांना हजारो लोकांसमोर उभं करणार, त्यांच्या तोंडी शपथ घालणार, आणि मग पुढची मुदत संपेपर्यंत त्यांचा हात धरून कुणीतरी वाटेल ते लिहून घेणार. आयुष्यभर स्वतःचा शब्द स्वतः बोललेला माणूस. डॉक्टरला हे सहन होईना. पण त्याला तर काढून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी सहा अकराला दादाचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, कुठं आहात? मोठे साहेब तुम्हाला विचारताहेत. म्हणतात, डॉक्टर कधी उशीर करत नाही."

साहेब कालचं सगळं विसरले होते. काढून टाकल्याचंही.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. पुढे डॉक्टरला त्या वेगवेगळ्या आठवेनात, एकच लांबलचक सकाळ आठवायची. धुकं खिडकीशी आलेलं, फुलदाणीत फुलं, आणि समोर एक माणूस ज्याला काहीच ठाऊक नाही. तो बातमी सांगायचा, ती त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पोचायची, आणि दुपारपर्यंत पुसली जायची. पालथ्या घड्यावर पाणी. 

शनिवारी साहेब मोठ्यानं हसले. "स्वतःलाच तपासून घे," म्हणाले. रविवारी नुसती नकाराची मान हलवली. चहा गार होईपर्यंत तळ्याकडे बघत बसले. सोमवारी घासाघीस केली, "एक वर्ष दे. नुसतं एक. मग मी आपणहून जातो." मंगळवार सगळ्यात अवघड गेला. साहेब रडले, आणि मग डोळे पुसून हळूच विचारलं, "हिला सांगितलंस का?" बाईंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, जाऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाला, "त्यांना ठाऊक आहे, साहेब." एवढं एकच खोटं तो त्या आठवड्यात बोलला, आणि ते खोटं होतं का हेही त्याला नक्की सांगता आलं नसतं. बुधवारी साहेबांच्या डोळ्यांत जुना राजकारणी जागा झाला. "कुणी पाठवलं तुला? किती जण आहात?"

त्या दुपारी डॉक्टर घरी आला तो थकून. "सहा वेळा सांगितलं," तो बायकोला म्हणाला. "सहा वेळा त्यांचं घर मोडलं मी. उद्या पुन्हा मोडायचं. इकडे आड, तिकडे विहीर. सही करून टाकावी, असं वाटायला लागलंय."

बायको वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं. "मुलांना एखादी गोष्ट सहादा सांगून कळली नाही, तर मी मुलांना दोष देत नाही. माझं सांगणं लांबलंय असं समजते." मग म्हणाली, "अठरा वर्षं त्यांच्या मागे चाललात. एकदाच पुढे उभं राहायचंय. थोडक्यात सांगा."

गुरुवार. चार फुलं. धुकं इतकं दाट की तळं होतं की नाही कुणास ठाऊक. डॉक्टरनं बॅग दाराशीच ठेवली. वार विचारला नाही, गणित विचारलं नाही. खुर्ची ओढून समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"साहेब, तुमची आठवण जात चालली आहे. ती परत येणार नाही. आता उतरायला हवं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.  त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लांबून येत होतं, चढ चढून येणाऱ्या माणसासारखं, दम घेत घेत.

"उतरायचं," ते म्हणाले. "चालत की पाठीवर?"

 कालचा दिवस त्या डोक्यात उरला नव्हता, पण अठरा वर्षांपूर्वीचा बर्फ जसाच्या तसा होता. "चालत, साहेब. या वेळी चालत. मी आहे बरोबर."

"माझं भाषण आहे ना पण?"

"भाषण थांबेल."

साहेबांनी मान हलवली. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तू फार सरावल्यासारखं सांगितलंस. हे मी आधी ऐकलंय का?"

"हो. सहा वेळा."

"आणि मी काय म्हणालो?"

"सहाही वेळा नाही म्हणालात. एकदा मला काढूनही टाकलंत."

"बरोबर केलं," साहेब म्हणाले, आणि थोडे हसले. मग त्यांनी हात पुढे केला. त्या हाताची घाई डॉक्टरला कधीच विसरता आली नाही. "पेन दे. लवकर दे. आत्ता मला कळतंय. उद्यावर ठेवलंस तर मी सातव्यांदा नाही म्हणेन."

डॉक्टरनं कागद मांडीवर धरला. साहेबांनी तो आधी अख्खा वाचला, ओळीवर बोट ठेवून, आणि मग सही केली. दादा दारात उभा होता. तो आत आला, फुलदाणी उचलली, क्षणभर ती हातात धरली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. चहा आणतो म्हणाला आणि गेला.

सचिव त्या दिवशी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दोन सह्या असलेल्या कागदापुढे त्यांचंही काही चालण्यासारखं नव्हतं. रविवारी शपथ दुसऱ्या कुणीतरी घेतली.

साहेबांनी घर सोडलं ते त्याच रविवारी. अंगणात माणसं होती, फोटोवाले होते, गाडी उभी होती. साहेब पुढच्या दारातून बाहेर आले आणि पायऱ्यांच्या टोकाशी थांबले. डॉक्टर सवयीनं अकरा पावलं मागे होता. साहेब थांबलेच. पायऱ्या खाली जातात, हे जणू त्यांच्या हातून निसटलं होतं. सगळे बघत होते. साहेब वळले.

"डॉक्टर, उतरायचंय ना? मग मागे काय करतोस?"

डॉक्टरनं ती अकरा पावलं ओलांडली. बॅग दादाकडे दिली आणि साहेबांचा हात आपल्या हातात घेतला. साहेब पहिली पायरी उतरले. "त्र्याण्णव," ते म्हणाले. दुसरी. "शहाऐंशी." तिसरी, चौथी. पाचव्या पायरीवर ते पासष्ट म्हणाले आणि उभे राहिले. खाली अजून बऱ्याच पायऱ्या होत्या. त्यांनी डॉक्टरच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. तो वर झाला नव्हता.

"पुढचं मला येत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पुढे तू कधी विचारलंच नाहीस."

"अठ्ठावन्न," डॉक्टर म्हणाला, आणि दोघं मिळून पुढची पायरी उतरले.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. बायकोनं कात्री काढली, वही काढली, आणि कात्री हातात धरून तशीच बसून राहिली. फोटोत डॉक्टर अख्खा होता, डोक्यासकट. साहेबांचा हात त्याच्या हातात होता, आणि दोघांचीही तोंडं काहीतरी म्हणता म्हणता उघडी होती.

"काय बोलत होता हो इथं?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं चष्मा वर करून फोटोतली पायरी मोजली.

"एक्कावन्न," तो म्हणाला.